पुणें दफ्तर, इनाम कमिशन आणि खासगी कागदांची गुप्तता

१. जुनें दफ्तर संशोधकाच्या हातीं आलें म्हणजे त्याच्यापुढें सामान्यतः तीन प्रश्न उभे राहतात. कागद अस्सल आहे कीं नक्कल, तो कोणत्या सालचा, आणि त्यापासून नवें काय कळतें. चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या मनुष्याची खासगी हकीकत या कागदांत आली आहे त्याचा, अथवा त्याच्या वंशजांचा, त्या हकीकतीवर कांहीं हक्क उरतो कीं नाहीं? कागदाचा मालक एक, कागदांत ज्याचें नांव आलें तो दुसरा, आणि कागद वाचणारा तिसरा. पहिल्याची परवानगी घेतली म्हणजे दुसऱ्याचीहि घेतली असें आपण गृहीत धरीत आलों आहों. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा जो कायदा इ. स. २०२३ मध्यें झाला त्यामुळें हें गृहीत पुन्हां तपासणें दफ्तरें बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेस भाग आहे. परंतु हा प्रश्न महाराष्ट्रास नवीन नाहीं. पुणें दफ्तराचा दोनशें वर्षांचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे. त्यावरून असें दिसून येतें कीं, खासगी माहितीस खरा धोका ती वाचली जाण्यांत नसून, ज्या हेतूनें ती दिली किंवा लिहिली गेली तो सोडून ती त्याच मनुष्यावर उलटविली जाण्यांत आहे. हा भेद ज्या काळांत पाळला गेला नाहीं त्या काळांत माणसांचें नुकसान झालेंच, पण कागदांचेंहि झालें. हें प्रतिपादन पुढें क्रमशः मांडलें आहे.

२. प्रथम कागदांचे वर्ग पाहूं. खासगीपणाच्या दृष्टीनें मराठेशाहींतील कागद तीन वर्गांत मोडतात. पहिला वर्ग जाहीर कागदांचा. महजर, निवाडपत्रें व वतनाच्या तंट्यांत लिहून दिलेले करीने हे यांत येतात. करीन्यांत घराण्यांतील भाऊबंदकी, खून, खोटें दत्तविधान, परागंदा झालेला भाऊ, अशा किती तरी गोष्टी येतात. त्या वाचून आजच्या वाचकास संकोच वाटतो. तथापि त्या गोतापुढें व दिवाणापुढें, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे महाजन व बलुते यांच्या देखत सांगितलेल्या असून त्यांवर पाटलाचा नांगर व इतरांच्या निशाण्या पडलेल्या असतात. गांवानें ऐकून ठेवावें व पुढील पिढीस सांगावें याच हेतूनें तो मजकूर लिहिला गेला. यास गुप्त म्हणतां येत नाहीं.

दुसरा वर्ग विश्वासाच्या कागदांचा. घरगुती पत्रें, कर्जाचे रोखे, सावकाराच्या वह्या, जन्मपत्रिका, वैद्याचीं टिपणें व स्त्रियांनीं माहेरीं धाडलेलीं पत्रें हीं या वर्गांत पडतात. हीं एकानें दुसऱ्यास, तिसऱ्याच्या नजरेस पडूं नयेत अशा भरंवशानें लिहिलीं. पत्र वाचून फाडून टाकावें अशी सूचना पत्राच्या शेवटीं करण्याची चाल मुत्सद्द्यांत होती, आणि ती सूचना ज्यांवर आहे अशींहि पत्रें आज आपल्या संग्रहांत आहेत! म्हणजे लिहिणाराची स्पष्ट इच्छा मोडली गेली म्हणूनच आपणांस तो इतिहास कळला, हें संशोधकानें विसरतां कामा नये.

तिसरा वर्ग नोंदीच्या कागदांचा. यांत मनुष्य स्वतः कांहींच बोलत नाहीं. त्याच्याविषयीं दुसरा कोणी लिहितो. पेठांच्या खानेसुमाऱ्या, बदअंमलाबद्दल घेतलेल्या गुन्हेगारीच्या रकमा, प्रायश्चित्ताच्या आज्ञा, कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी या सर्व या वर्गांतल्या. ज्या स्त्रीची किंमत रुपयांत लिहिली गेली तिला ती नोंद व्हावी कीं न व्हावी हें कोणी विचारलें नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें हा वर्ग सर्वांत मोलाचा, कारण सामान्य मनुष्य इतरत्र कोठें भेटतच नाहीं. आणि गुप्ततेच्या दृष्टीनें हाच सर्वांत नाजूक, कारण त्याच्या वतीनें बोलणारा कोणी नसतो.

३. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि हे तिन्ही वर्गांचे कागद एका नव्या सत्तेच्या हातीं लागले. त्या वर्षीं फेब्रुवारींत सातारा घेतल्यावर एल्फिन्स्टननें जो जाहीरनामा काढला, त्यांत बाजीरावाची चाकरी सोडून येणारांचीं वतनें, इनामें व वर्षासनें चालविण्याचें अभिवचन होतें. हें अभिवचन पुरें करावयाचें तर कोणाचें काय चालत होतें हें कळणें अवश्य होतें, सबब पेशव्यांचें दफ्तर जमा करून पुण्यास नीट लावण्यांत आलें. दफ्तर जपण्याचा मूळ हेतु हा असा राज्यकारभाराचा होता. विद्येचा हेतु त्यास लवकरच जोडला गेला. सातारचे रेसिडेंट असलेले ग्रँट डफ यांस हे कागद, तसेंच अनेक घराण्यांचे कागद पाहावयास मिळाले, आणि त्यांवरून लिहिलेला मराठ्यांचा इतिहास इ. स. १८२६ मध्यें प्रसिद्ध झाला. ग्रँट डफला कागद दाखविणारे कित्येक लोक सत्ताधीश म्हणून त्याला भीत असतील, कित्येक आपल्या घराण्याचा पराक्रम ग्रंथांत यावा म्हणून आनंदानें देत असतील. तथापि त्या ग्रंथामुळें कोणाची जमीन गेली नाहीं. कागद वाचला गेला, पण वाचल्यामुळें मनुष्यावर कांहीं कारवाई झाली नाहीं.

४. इनाम कमिशनच्या वेळीं मात्र हें चित्र पालटलें. दक्षिण महाराष्ट्रांतील इनामांची चौकशी इ. स. १८४३ पासून सुरू झाली, व इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें तिला पूर्ण अधिकार मिळाले. इनामदारानें आपला हक्क शाबीत करावा, न केल्यास जमीन सरकारजमा व्हावी, अशी रचना होती. इनामदाराच्या पेटींतील सनद आणि पुणें दफ्तरांतील नोंद हीं ताडून पाहण्यांत येत. दफ्तरांत नोंद न सांपडल्यास, अथवा विरुद्ध नोंद सांपडल्यास, तीन पिढ्यांचा उपभोगहि डळमळीत होई. याच चौकशीच्या अनुषंगानें वतनदार व जुने कारभारी यांच्या घरचे कागदहि मागविण्यांत व ताब्यांत घेण्यांत आले. आज पुणें दफ्तरांत "जमाव" या नांवानें जो भाग ओळखला जातो तो मुख्यतः या कागदांचा होय. कमिशननें सुमारें ३५,००० इनामांची चौकशी केली व त्यांपैकीं २०,००० च्या वर जप्त केलीं असा आंकडा ग्रंथांतरीं नेहमीं दिलेला आढळतो. दक्षिण महाराष्ट्रांत इ. स. १८५७ च्या सुमारास जो असंतोष होता त्याच्या कारणांत या चौकशीची गणना पुष्कळ इतिहासकार करतात. पुढें इ. स. १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनीं तडजोडीची पद्धत निघाली आणि ठराविक रकमा भरून इनाम कायम करून घेण्याची सोय झाली.

न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. बनावट सनदा व घुसडलेल्या नोंदी त्या काळांत थोड्या नव्हत्या, आणि दफ्तरांतील कागद जुन्या कारकुनांच्या घरीं गेल्याचीं उदाहरणें कमिशनच्या अधिकाऱ्यांनीं पुढें आणलीं. कर्नल एथरिज यांनीं लिहिलेल्या कमिशनच्या वृत्तांतांत सरकारची ही बाजू विस्तारानें आलेली आहे. सार्वजनिक उत्पन्नाची चौकशी करण्याचा सरकारचा अधिकार कोणी नाकारीत नाहीं. प्रश्न निराळा आहे. जो कागद आजोबानें आपल्या मुलाबाळांस वंशाची माहिती असावी म्हणून पेटींत ठेवला, तो कागदच नातवाविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहिला. हेतु बदलला, आणि तो बदलल्याची कल्पना कागद देणारास कागद देतेवेळीं नव्हती.

५. याचा परिणाम कागदांवर काय झाला तें संग्राहकांस ठाऊक आहे. इ. स. १८७८ मध्यें काव्येतिहाससंग्रह निघाला. वासुदेवशास्त्री खरे यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहास इ. स. १८९७ मध्यें आरंभ झाला, व राजवाडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें बाहेर पडला. या पिढीच्या संग्राहकांची एक सामान्य तक्रार अशी कीं, दफ्तर आहे हें गांवाला ठाऊक असतें, पण घरधनी तें नाहीं म्हणून सांगतो. दाखविलें तर निवडक दाखवितो. आणि कधीं कधीं सबंध पेटी कसरीच्या व वाळवीच्या स्वाधीन करतो, पण पाहुण्यास हात लावूं देत नाहीं. या वागणुकीस लोक अज्ञान म्हणत. आळस, भाऊबंदकी व घराण्याचा खोटा अभिमान हीं कारणें होतींच. परंतु आपल्या घरचा कागद सरकारच्या हातीं गेला तर काय होतें हें ज्यांच्या वडिलांनीं पाहिलें, त्यांच्या नकारास केवळ अज्ञान म्हणणें योग्य नव्हे. त्यांच्या दृष्टीनें कागद मागणारा पंतोजी आणि कागद मागणारा कमिशनचा कारकून यांत फरक काय होता? तो फरक पटवून देणारी एकहि लेखी अट, एकहि नियम त्यांच्यापुढें कोणी ठेवला नव्हता. राजवाडे, खरे, पारसनीस यांस जें मिळालें तें नियमाच्या बळावर नव्हे, तर त्यांच्या व्यक्तिशः लौकिकाच्या, परिचयाच्या व चिकाटीच्या बळावर मिळालें. लौकिक मनुष्याबरोबर जातो; नियम संस्थेजवळ राहतो.

६. इकडे सरकारी दफ्तराचीं दारें विद्वानांस बहुतेक बंदच होतीं. पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसांत असलेले हे रुमाल महसुली कामाचे म्हणून समजले जात. गणेश चिमणाजी वाड यांस उतारे घेण्याची परवानगी मिळाली, त्या उताऱ्यांच्या आधारें न्यायमूर्ति रानडे यांनीं इ. स. १९०० मध्यें आपला प्रसिद्ध निबंध वाचला, आणि ते उतारे सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशांच्या रूपानें इ. स. १९०२ पासून खंडशः छापून निघाले. पण हे अपवाद होत. दफ्तर सर्वांस खुलें केल्यास त्यांतील नोंदींच्या आधारानें सरकारवर नवे दावे येतील ही भीति नकाराच्या मुळाशीं होती. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं निवड होऊन पेशवे दफ्तराचे ४५ खंड इ. स. १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले, तेव्हां कोठें हा मोठा सांठा जगापुढें आला. हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरखान्याचीहि स्थिति अशीच होती. इ. स. १८९१ मध्यें स्थापन झालेला हा दफ्तरखाना संशोधकांस इ. स. १९३९ च्या सुमारास मोकळा झाला, तोहि खऱ्या अभ्यासकांपुरता आणि घेतलेले उतारे अधिकाऱ्यांस दाखविण्याच्या अटीवर.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या सर्व नियमांत गुप्तता होती, पण ती कोणाची? उतारा तपासणारा अधिकारी त्यांत सरकारच्या धोरणास किंवा तिजोरीस बाधक असें कांहीं आहे काय तें पाही. एखाद्या विधवेचा प्रायश्चित्ताचा कागद किंवा एखाद्या कुळाचें कर्ज छापलें जात आहे म्हणून त्यानें हात आखडल्याचें त्या नियमांत कोठें दिसत नाहीं. सारांश, शंभर वर्षें दफ्तराला कुलूप होतें, परंतु तें कुलूप राज्याचें रहस्य राखीत होतें, रयतेचें नव्हे. ज्या राज्यानें रयतेच्या घरचे कागद तिच्याविरुद्ध वापरले, त्याच राज्यानें आपले कागद मात्र तिला दाखविले नाहींत.

७. स्वतंत्र हिंदुस्थानांत हा क्रम उलटण्याचा प्रयत्न झाला. शिरगणतीच्या इ. स. १९४८ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमानें गणतीचीं पत्रकें पाहण्याचा हक्क कोणासहि ठेवलेला नाहीं, व तीं पत्रकें दिवाणी खटल्यांत पुरावा म्हणून चालत नाहींत. फौजदारींतहि गणतीच्याच कायद्याखालील गुन्ह्यांपुरतीं चालतात. कायदे करणारांच्या मनांत इनाम कमिशन नसेलहि, पण त्यांतला बोध या कलमांत पूर्णपणें उतरला आहे: मोजण्यासाठीं सांगितलेली गोष्ट सांगणाराविरुद्ध वापरावयाची नाहीं. परदेशांत या गुप्ततेस मुदत घातलेली आहे. इंग्लंडांत गणतीचीं पत्रकें शंभर वर्षांनीं खुलीं होतात, आणि इ. स. १९२१ चीं पत्रकें इ. स. २०२२ च्या जानेवारींत तशीं खुलीं झालीं. अमेरिकेंत ही मुदत ७२ वर्षांची असून इ. स. १९५० चीं पत्रकें इ. स. २०२२ च्या एप्रिलांत संशोधकांस मिळालीं.

सरकारी कागदांबद्दल इ. स. १९९३ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा झाला. त्याप्रमाणें गोपनीय न ठरविलेले, तीस वर्षांहून जुने व राष्ट्रीय अभिलेखागारांत आलेले कागद खऱ्या संशोधकास पाहावयास मिळूं शकतात. माहितीच्या अधिकाराच्या इ. स. २००५ च्या कायद्यानें वीस वर्षांपूर्वींच्या घटनांची माहिती, थोडे अपवाद वगळून, देण्याचें ठरविलें. इ. स. २०१७ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि त्याच्या मागोमाग इ. स. २०२३ चा कायदा आला. त्याचे नियम इ. स. २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले असून मुख्य कलमें त्यापुढें अठरा महिन्यांनीं अंमलांत यावयाचीं ठरलीं आहेत. त्याच महिन्यापासून माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांतील व्यक्तिगत माहितीचा अपवादहि पूर्वीपेक्षां व्यापक झाला आहे. सार्वजनिक हितासाठीं माहिती देण्याची वाट मात्र दुसऱ्या एका पोटकलमानें शिल्लक आहे. हा कायदा संगणकावरील माहितीस लागू आहे. पण कागदाची प्रत संगणकावर चढविली कीं तिलाहि तो लागू होतो. घराघरांतील दफ्तरांचीं छायाचित्रें काढून संगणकावर ठेवण्याचें काम आज जागोजाग चालू आहे. त्या दृष्टीनें ही तरतूद आपल्या उंबरठ्यावर आली आहे असें समजावें.

या कायद्याचें सतरावें कलम संशोधकानें मुद्दाम वाचावें. संशोधन, अभिलेखन व सांख्यिकी यांसाठीं त्यांत सूट आहे. मात्र ती दोन अटींवर: एक, त्या माहितीच्या आधारें त्या विशिष्ट व्यक्तीसंबंधीं कोणताहि निर्णय घ्यावयाचा नाहीं, दोन, काम नियमांत सांगितलेल्या मर्यादांनीं करावयाचें. या मर्यादा म्हणजे कायदेशीर रीतीनें काम करणें, जरूर तेवढीच माहिती घेणें, ती बरोबर ठेवणें, गरजेपुरतीच ठेवणें, सुरक्षित ठेवणें आणि जबाबदारी पत्करणें. यांतील पहिली अट वाचतांना इ. स. १८५२ चा कायदा आठवल्याशिवाय राहत नाहीं. त्या वेळीं दफ्तर उघडलें तें नेमकें एकेका व्यक्तीसंबंधीं निर्णय घेण्यासाठीं. आज दफ्तर उघडावयाचें तें असा निर्णय न घेण्याच्या अटीवर. ग्रँट डफ आणि इनाम कमिशन यांनीं पाहिलेलें दफ्तर एकच होतें. त्यांच्या हेतूंतील जो फरक घरधन्यास कोणी समजावून दिला नाहीं, तो आतां कायद्याच्या शब्दांत उतरला आहे.

८. तथापि कायदा पाळला म्हणजे सर्व झालें असें नाहीं. वर्षांची मुदत घालून भागेल असें पुष्कळांस वाटतें, पण काळ सगळ्या कागदांची धार सारख्याच वेगानें बोथट करीत नाहीं. इ. स. १८७१ च्या कायद्यान्वयें कांहीं जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यांत आल्या, आणि त्यांतील स्त्रीपुरुषांच्या नांवनिशीवार नोंदी ठेवण्यांत आल्या. हा कायदा इ. स. १९५२ मध्यें रद्द झाला. त्या काळच्या नोंदवह्यांस मुदतीच्या हिशेबानें आतां कोणतीच आडकाठी राहिली नाहीं असें कोणी म्हणेल. पण विमुक्त जमातींतील कुटुंबांस पोलिसांच्या संशयाचा जाच कायदा गेल्यावरहि भोगावा लागला आहे. अशा वहींतील नांव, गांव व अंगावरील खुणा जशाच्या तशा छापणारा संपादक इतिहासाची सेवा करतो कीं जुना शिक्का पुन्हां मारतो? उलट पक्षीं, शिवकालीन करीन्यांतील भावाच्या खुनाची हकीकत आज छापल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. वंशजच ती अभिमानानें सांगतात. म्हणून वयाबरोबर परिणामाचाहि विचार केला पाहिजे.

नांव गाळल्यानें काम भागतें हीहि समजूत अपुरी आहे. खेड्यांत सोनार एक, कुलकर्णी एक, जोशी एक. "एका सोनाराची विधवा सून" असें लिहून गांवाचें नांव दिलें कीं त्या गांवाला सर्व उमगतें. बरें, गांवाचेंहि नांव गाळावें तर शास्त्राचें नुकसान होतें. डॉक्टर टॉमस कोट्स यांनीं पुण्याजवळच्या लोणी गांवाची तपशीलवार पाहणी करून ती मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढें ठेवली, व ती इ. स. १८२३ मध्यें छापली गेली. गांवाचें नांव स्पष्ट असल्यामुळेंच डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांस सवाशें वर्षांनंतरच्या लोणीकंदाशीं तिची तुलना करून इ. स. १९६० मध्यें ग्रंथ प्रसिद्ध करतां आला. नांव नसतें तर ही तुलना संभवलीच नसती. तात्पर्य, खरें नांव नष्ट करूं नये. तें निराळ्या यादींत, मोहोरबंद, संस्थेच्या स्वाधीन ठेवावें, आणि छापील पानावर खुणेचा अंक द्यावा.

९. आणखी एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. गुप्ततेच्या नांवाखालीं घराणीं आपले दोष लपवितील आणि इतिहास गुळगुळीत होईल, अशी भीति संशोधक व्यक्त करतात. ती खोटी नाहीं. आपल्या पूर्वजाचें कर्ज, फितुरी अथवा बाहेरख्यालीपणा असलेला कागद बाजूस काढून बाकीचें दफ्तर देणारे लोक सर्वत्र आहेत. पण यास उपाय दोन प्रकारचे आहेत. एक, कागद हिसकावून घेणें किंवा चोरून प्रत करणें. याचा अनुभव एकदां घेऊन झाला आहे. दुसरा, तो कागद न जाळतां अमुक वर्षें मिटून ठेवण्याची सोय देणें. घरधन्यास आज पर्याय दोनच दिसतात, सर्व उघड करा किंवा नाश करा. आणि तो बहुधा दुसरा पत्करतो. तिसरा पर्याय लेखी मिळाला तर तो कागद वांचतो. मिटलेला कागद एक दिवस उघडतो. रद्दींत गेलेला कधींच उघडत नाहीं. मात्र संपादकानें गाळलेला मजकूर गाळला म्हणून ठिपक्यांनीं व टीपेनें दाखविलाच पाहिजे. लपविणें आणि राखून ठेवणें यांत अंतर आहे, व तें वाचकास दिसलें पाहिजे.

जमाव दफ्तराविषयींहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. आज आपण ज्यास अमूल्य म्हणतों त्या संग्रहाचा मोठा भाग सक्तीनें आलेला आहे. म्हणून तो वापरूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. तो वापरला नाहीं तर त्या घराण्यांची स्मृतिहि जाईल. पण असा कागद छापतांना तो कोणाच्या घरून, कोणत्या चौकशींत आला हें नमूद करणें हें किमान कर्तव्य होय. ज्यांचे कागद गेले त्यांच्या वंशजांस निदान ते कोठें आहेत एवढें तरी कळेल.

१०. वरील विवेचनावरून खासगी दफ्तरें स्वीकारणाऱ्या व संशोधकांस दाखविणाऱ्या संस्थांनीं पुढील नियम करावे असें सुचवावेंसें वाटतें.

(अ) दफ्तर स्वीकारतेवेळीं देणारास लेखी पावती द्यावी. तींत हे कागद कोणत्या हेतूनें घेतले, कोणास दाखविले जातील, व त्यांची संगणकीय प्रत सर्वांस खुली राहील कीं वाचनालयापुरती, हें स्पष्ट असावें. पुढें हेतु बदलल्यास पुन्हां विचारावें.

(आ) कागदांची यादी करतांना जाहीर, विश्वासाचे व नोंदीचे असे तीन वर्ग पाडावे. पहिला वर्ग तत्काळ खुला असावा. दुसरा घराण्यानें ठरविलेल्या, परंतु निश्चित व लिहून ठेवलेल्या, मुदतीनें खुला व्हावा. तिसऱ्याविषयीं संस्थेच्या समितीनें परिणाम पाहून निर्णय करावा, कारण त्यांतील माणसांच्या वतीनें बोलणारें घराणेंहि नसतें.

(इ) संशोधकानें लिहून द्यावें कीं, या कागदांतील माहिती कोणत्याहि जिवंत व्यक्तीच्या मालमत्तेविरुद्ध, वारसाविरुद्ध अथवा अब्रूविरुद्ध वापरली जाणार नाहीं व तशा कामासाठीं दुसऱ्यास दिली जाणार नाहीं. न्यायालयाचा हुकूम आल्यास गोष्ट निराळी.

(ई) नांव गाळल्यास खुणेचा अंक द्यावा, मूळ नांवांची यादी नष्ट करूं नये, आणि मजकूर गाळल्याचें पानावर दाखवावें.

(उ) संशोधकास नकार दिल्यास कारण लेखी द्यावें. गुप्ततेचें निमित्त करून संस्थेनें आपल्या मर्जींतल्या चार विद्वानांसच दफ्तर दाखवूं नये. तसें झाल्यास एलिएनेशन ऑफिस आणि आपण यांत भेद उरणार नाहीं.

११. हे नियम अवजड वाटतील. परंतु महाराष्ट्रांतील वाड्यांच्या माळ्यांवर अद्याप पुष्कळ कागद न वाचलेले पडून आहेत. वाडे पडत आहेत, घरें वांटलीं जात आहेत, आणि मोडी वाचतां न येणाऱ्या पिढीस त्या रुमालांत काय आहे हें ठाऊक नसल्यामुळें त्यांचें भय व त्यांविषयींची अनास्था हीं दोन्ही एकदमच वाढत आहेत. अशा घरीं संशोधक जातो तेव्हां घरधनी त्याला तोंडानें विचारो अथवा न विचारो, त्याच्या मनांत एकच प्रश्न असतो: हे कागद घेऊन तुम्ही आमचें काय करणार? इनाम कमिशननें त्या प्रश्नास दिलेलें उत्तर शंभर वर्षें लोकांच्या स्मरणांत राहिलें. आपलें उत्तर त्याहून निराळें आहे हें लेखी, सहीशिक्क्यानिशीं सांगतां आलें पाहिजे. तें सांगतां येईल तेथें कागद बाहेर येतील, आणि जेथें येणार नाहींत तेथें निदान जाळले तरी जाणार नाहींत.